ते १२७ तुकडे हिमनद्याच होते का?

मराठवाड्यात जमिनीवर बर्फ दिसतो तो फक्त गारपिटीत. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट ज्यांना आठवते, त्यांनी शेतात गारांचा खच पडलेला पाहिला असेल. उन्हातल्या गारा लवकर विरघळतात, बांधाच्या सावलीतल्या जरा जास्त टिकतात. सावलीतल्या त्या ढिगाला आपण हिमनदी म्हणत नाही. का नाही? "लवकर वितळतो म्हणून" असं बहुतेक जण म्हणतील. मग समजा, तसाच एक ढीग हिमालयात पाच हजार मीटर उंचीवर, कड्याच्या सावलीत, दहा वर्षं टिकून राहिला. आता ती हिमनदी झाली का?

प्रश्न पोरकट वाटेल, पण हिमालयावरच्या अनेक गाजलेल्या आकड्यांखाली हाच प्रश्न आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी पेपर कसा वाचावा, हे सांगण्यासाठी मी आज असाच एक आकडा घेतलाय.

पेपर आहे अनिल कुलकर्णी आणि सहकाऱ्यांचा, जानेवारी २००७ च्या 'करंट सायन्स'मधला. कुलकर्णी तेव्हा अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात होते, पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. चिनाब, पार्वती आणि बास्पा या खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांचं क्षेत्रफळ त्यांनी १९६२ च्या सर्वेक्षण नकाशांवरून काढलं, आणि नंतरचं भारतीय दूरसंवेदन उपग्रहांच्या चित्रांवरून. निष्कर्ष असा, की २०७७ चौ. किमी क्षेत्र १६२८ चौ. किमीवर आलं, म्हणजे २१ टक्के घट. तुटून तुकडे झाल्यामुळे हिमनद्यांची संख्या मात्र वाढली. आणि तिसरा निष्कर्ष म्हणजे, १ चौ. किमीपेक्षा लहान अशा १२७ 'ग्लेशियरेट आणि बर्फक्षेत्रां'मध्ये घट तब्बल ३८ टक्के. लहान हिमनद्या हवामानबदलाला लवकर प्रतिसाद देतात, हे त्याचं संभाव्य कारण पेपरमध्ये दिलं आहे.

पेपर महत्त्वाचा आहे यात वाद नाही. त्यापूर्वी आपल्याकडे चर्चा बहुतेक एकेका हिमनदीची व्हायची, गंगोत्री किती मीटर मागे गेली वगैरे. इथे एकदम ४६६ घेतल्या आणि तोंडाची जागा मोजण्याऐवजी क्षेत्रफळ मोजलं. लॅण्डसॅटचा जुना साठा सगळ्यांना फुकट मिळू लागला तो २००८ नंतर. त्याआधी हे काम करणं म्हणजे काय कष्ट असतील, हे आज लॅपटॉपवर चित्रं उतरवून घेणाऱ्या आपल्याला कळणार नाही.

तरीही माझी अडचण तिसऱ्या वाक्याशी आहे. 'ग्लेशियरेट आणि बर्फक्षेत्रं' या दोन गोष्टी एका आकड्यात बसवल्या आहेत. त्यातला काही भाग मुळात हिमनदी नसेल, तर ३८ टक्क्यांचा अर्थच बदलतो.

हिमनदी कशाला म्हणायचं?

युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय जलविज्ञान कार्यक्रमातून २०११ मध्ये हिमनद्यांच्या संज्ञांचा कोश निघाला. त्यातल्या व्याख्येचा गाभा असा: जमिनीवर हिमापासून तयार झालेला, वर्षानुवर्षं टिकणारा बर्फाचा साठा, ज्यात आज किंवा पूर्वी वाहिल्याचा पुरावा दिसतो. टिकणं आणि वाहणं, दोन्ही हवं. आपल्या भाषेत तर हे शब्दातच आहे. हिम-नदी. जी वाहत नाही ती नदी कसली?

बर्फासारखा घट्ट पदार्थ वाहतो कसा? स्वतःच्या वजनाने. तळाशी पडणारा ताण काढायचं सूत्र सोपं आहे: घनता गुणिले गुरुत्व गुणिले जाडी गुणिले उताराच्या कोनाचा साइन. ३० मीटर जाड बर्फ २० अंशांच्या उतारावर असेल, तर हा ताण सुमारे ९० किलोपास्कल येतो. खऱ्या हिमनद्यांमध्ये साधारण याच पातळीचे ताण आढळतात.

खरी गंमत पुढे आहे. बर्फ किती वेगाने विकृत होतो, हे ताणाच्या साधारण तिसऱ्या घातावर अवलंबून असतं. त्यात जाडी पुन्हा एकदा गुणली जाते, म्हणून पृष्ठभागाचा वेग जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. शून्य अंशाच्या जवळच्या बर्फासाठी नेहमीचा स्थिरांक घेऊन मी हिशोब केला. ३० मीटर जाडीला वेग येतो वर्षाला सुमारे ८० सेंटिमीटर. त्याच उतारावर जाडी १० मीटर केली, की वेग ८१ पटींनी कमी होतो, म्हणजे वर्षाला जेमतेम १ सेंटिमीटर. तळाशी घसरणं यात धरलेलं नाही, पण मुद्दा कळण्यासाठी एवढं पुरे. जाडी एक तृतीयांश झाली आणि हिमनदी जवळजवळ थांबली. वरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी पांढराच रंग दिसतो.

आइसलँडमधल्या 'ओक' हिमनदीचं हेच झालं. बर्फ स्वतःच्या वजनाने हलण्याइतका जाड उरला नाही, म्हणून हिमनदीशास्त्रज्ञ ओद्दुर सिगुर्डसन यांनी २०१४ मध्ये ती हिमनदी राहिली नसल्याचं जाहीर केलं. बर्फ संपला नव्हता, वाहणं संपलं होतं.

उपग्रहाला वाहणं दिसत नाही

आता आपण नकाशा करायला बसू. बहुतेक विद्यार्थी पहिल्यांदा एनडीएसआय काढतात: हिरव्या पट्ट्यातून लघुतरंग अवरक्त पट्टा वजा करायचा, दोघांच्या बेरजेने भागायचं, आणि ०.४ च्या वर ते बर्फ. मीही हेच केलं होतं. पण हा निर्देशांक सांगतो काय? तर इथे हिम किंवा बर्फ आहे, एवढंच. कालचं हिम, दहा वर्षांचा चट्टा आणि पाचशे वर्षांची हिमनदी यांत तो फरक करत नाही. उलट दगडमातीने झाकलेली खरी हिमनदी तो चक्क गाळतो. आपण नकाशावर 'हिमनद्या' असं शीर्षक देतो, तेव्हा निर्देशांकाने न सांगितलेली गोष्ट आपण आपल्या पदरची घालत असतो.

वेग मोजावा म्हटलं, तर सेंटिनेल-२ चा पिक्सेल १० मीटरचा. वर्षाला ८० सेंटिमीटर सरकणारा बर्फ एक पिक्सेल ओलांडायला १२ वर्षं घेईल. वर्षाला १ सेंटिमीटर सरकणाऱ्याचं तर बोलायलाच नको.

क्षेत्रफळाचंही तसंच. ०.०१ चौ. किमी म्हणजे १ हेक्टर. ३० मीटर पिक्सेलच्या लॅण्डसॅट चित्रात एवढ्या जागेत ११ पिक्सेल बसतात. हा हेक्टर चौरस धरला तर त्याची कड ४०० मीटर. कडेला अर्ध्या पिक्सेलची, म्हणजे १५ मीटरची चूक धरली, तर ६००० चौ. मीटर इकडे-तिकडे होतात. १०,००० पैकी ६०००, म्हणजे ६० टक्के! हीच चूक १ चौ. किमीच्या चौरसावर ६ टक्के होते, १०० चौ. किमीवर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणून लहान तुकड्यांच्या टक्केवारीला मोठ्या हिमनद्यांच्या टक्केवारीइतकं वजन देता येत नाही. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी बसले, तरी.

३८ टक्क्यांची दोन स्पष्टीकरणं

आता पुन्हा त्या १२७ तुकड्यांकडे येऊ. पहिलं स्पष्टीकरण पेपरचं: हे सगळे हिमनदीचेच लहान प्रकार, पातळ असल्यामुळे लवकर आक्रसले. दुसरंही शक्य आहे. १९६२ चे नकाशे हवाई छायाचित्रांवरून केलेले. छायाचित्र घेतलं त्या वर्षी किंवा त्या हंगामात हिम जास्त उरलं असेल, तर नकाशा काढणाऱ्याने ते बर्फात धरलं असू शकतं. नंतरच्या उपग्रहचित्रात ते हिम नसेल, तर आपण त्याला 'घट' म्हणणार. सर्वेक्षण नकाशांच्या या मर्यादेकडे राकेश भांबरी आणि टोबियास बोल्च यांनी २००९ च्या आढाव्यात लक्ष वेधलं आहे.

पंचाईत अशी, की फक्त दोन वेळची क्षेत्रफळं असतील तर दोन्ही स्पष्टीकरणांतून ३८ टक्केच निघतात. पेपरमधली आकडेवारी त्यांच्यात निवड करू शकत नाही. प्रत्यक्ष जाऊन तपासणी झाली ती छोटा शिग्री, पत्सिओ, समुद्र टापू, पार्वती, शौने गरंग अशा हिमनद्यांवर. ही नावं पाहा. छोटा शिग्रीसुद्धा नावालाच छोटा, क्षेत्रफळ १५ चौ. किमीच्या वर. जिथे हिमनदी असल्याबद्दल शंकाच नव्हती, तिथे तपासणी झाली. शंका होती ती लहान तुकड्यांबद्दल, आणि तिथे कुणी गेलं असं या नावांवरून दिसत नाही. यात आळस नाही. लहान तुकडे चढायला अवघड जागी असतात आणि मोहिमेला पैसे लागतात. पण कारण समजलं म्हणून पुरावा तयार होत नाही.

इथवर वाचून काहींना वाटेल, म्हणजे २१ टक्केही खोटे? थांबा. टीका करायची तर तीही मोजून करावी.

१२७ तुकडे, प्रत्येक १ चौ. किमीपेक्षा लहान. म्हणजे १९६२ मध्ये त्यांचं एकूण क्षेत्र जास्तीत जास्त १२७ चौ. किमी. त्याची ३८ टक्के घट म्हणजे फार तर ४८ चौ. किमी. एकूण घट किती? २०७७ वजा १६२८, म्हणजे ४४९ चौ. किमी. आता सर्वांत वाईट शक्यता धरू, की १२७ पैकी एकही हिमनदी नव्हती. सगळे वगळले तर १९५० चौ. किमीपैकी ४०१ चौ. किमी घट उरते, म्हणजे साडेवीस टक्के. २१ चे साडेवीस झाले, बस. (या साडेवीसमध्येही मोठ्या हिमनद्यांवरच्या हिमाची चूक शिरलेली असू शकते, पण तो वेगळा प्रश्न, त्यासाठी वेगळी तपासणी.)

म्हणजे माझ्या शंकेने पेपरचा मुख्य निष्कर्ष हलत नाही. हलतो तो 'लहान हिमनद्या सर्वांत वेगाने जाताहेत, कारण त्या लवकर प्रतिसाद देतात' हा निष्कर्ष. तो चूक आहे असं मी म्हणत नाही, या पुराव्याने तो सिद्ध होत नाही एवढंच. आणि लोक पुढे उद्धृत काय करतात? हमखास ३८ टक्के. आकडा मोठा असला की तो लवकर पसरतो.

संख्या वाढली म्हणजे काय झालं?

उन्हाळ्यात आटणारं गावतळं डोळ्यांसमोर आणा. जानेवारीत एक तळं. एप्रिलमध्ये पाणी उतरतं आणि मधले उंचवटे उघडे पडतात. मे महिन्यात पाच डबकी. पाणवठ्यांची संख्या एकाची पाच झाली म्हणून कुणी पेढे वाटत नाही! हिमनद्यांची संख्या वाढल्याचं कारण पेपरने तुकडे पडणं हेच दिलं आहे, तेव्हा तिथे गोंधळ नाही. पण मुख्य बर्फापासून तुटून कड्याला चिकटलेला तुकडा अजून वाहतोय, की नुसता वितळायची वाट पाहतोय? आपण दोन हिमनद्या मोजायच्या, की एक हिमनदी आणि एक चट्टा? ते आधी ठरवावं लागतं, आणि ठरवलेलं लिहावं लागतं.

जागतिक पातळीवर हे आणखी ठळक दिसतं. रँडॉल्फ हिमनदी सूचीच्या सहाव्या आवृत्तीत २,१५,५४७ हिमनद्या होत्या. २०२३ च्या सातव्या आवृत्तीत २,७४,५३१. जवळपास ५९ हजारांची वाढ! एकूण क्षेत्र मात्र दोन्हीकडे सुमारे ७ लाख ६ हजार चौ. किमी. दोन्ही आवृत्त्या साधारण २००० सालच्या आसपासचीच स्थिती दाखवतात. पृथ्वीवर नवीन काही उगवलं नाही. नकाशे बारकाईने झाले, लहान तुकडे नोंदवले गेले आणि सीमा नव्याने आखल्या गेल्या. म्हणून 'जगात इतक्या हिमनद्या आहेत' हे वाक्य कुठल्या सूचीचं, कुठली किमान मर्यादा धरून, हे सांगितल्याशिवाय अपुरं असतं.

किमान मर्यादाही सगळीकडे एक नाही. रँडॉल्फ सूचीत ०.०१ चौ. किमी. काठमांडूच्या इसिमोड संस्थेने २०११ च्या हिंदुकुश-हिमालय सूचीत ०.०२ धरली. अमेरिकेच्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात तिथल्या भूसर्वेक्षण संस्थेने ०.१ धरली. ५ हेक्टरचा, म्हणजे ०.०५ चौ. किमीचा बर्फ पहिल्या दोन ठिकाणी यादीत जाईल, तिसऱ्या ठिकाणी बाद होईल. यातली कुठलीच मर्यादा 'बरोबर' नाही. ती सोयीसाठी असते, व्याख्येची जागा घेत नाही. खोल कपारीतला जाड, चिमुकला बर्फ वाहू शकतो आणि त्याच्या दसपट पसरलेला पातळ थर मेलेला असू शकतो.

मग करायचं काय?

नॉर्वेच्या उत्तर भागासाठी जोशुआ ली आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ०.५ चौ. किमीपेक्षा लहान हिमनद्यांसाठी गुण देण्याची पद्धत मांडली. वाहिल्याच्या खुणा शोधायच्या: बर्फातल्या भेगा, वाकलेले थर, पुढे ढकललेल्या दगडमातीचे बांध म्हणजे हिमोढ. जितका भक्कम पुरावा तितके गुण, आणि शेवटी 'नक्की', 'बहुधा', 'शक्य' अशी वर्गवारी. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे 'शक्य' हा रकाना. आपल्या प्रबंधांत हा रकाना जवळजवळ नसतोच. आहे किंवा नाही, दोनच. गाईडला आणि परीक्षकाला ठाम उत्तर हवं असतं, या भीतीने आपण शंका खोडून टाकतो.

इथल्या प्रयोगशाळेत बसूनही बरंच करता येतं. एकाच वर्षाच्या चित्रावर विसंबू नका. पश्चिम हिमालयासाठी उन्हाळा संपतानाची, नवं हिम पडण्याआधीची पाच-सहा वर्षांची चित्रं घ्या. बर्फाचा चट्टा मागच्या हिवाळ्याच्या तालावर नाचतो: हिम कमी पडलं की आक्रसतो, जास्त पडलं की पुन्हा पसरतो. हिमनदी एवढ्या पटकन रूप बदलत नाही, तिची घट वर्षांमागून वर्षं एकाच दिशेला जाते. जो तुकडा 'मागे हटून' दोन वर्षांत परत आला, त्याला घटीच्या हिशोबात धरू नका. जुन्या नकाशावर शंका असेल तर १९६० च्या दशकातली कोरोना हेरउपग्रहांची छायाचित्रं आता खुली आहेत, त्यांच्याशी पडताळा. आणि प्रबंधात दोन आकडे द्या: सगळे तुकडे धरून आणि शंकास्पद वगळून. वर आपण केला तो साडेवीस टक्क्यांचा हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे, पण त्यामुळे कुठला निष्कर्ष टिकतो आणि कुठला नाही हे समजलं.

एवढी चिरफाड कशासाठी, असं वाटत असेल तर पाण्याचा विचार करा. लाहौल-स्पितीसारख्या कोरड्या भागात उन्हाळ्याच्या सुरुवातीचं पाणी प्रामुख्याने हिवाळ्यातल्या हिमाचं असतं. ज्या वर्षी हिम कमी पडतं, त्या वर्षी चट्टे लवकर संपतात आणि ओढे आटायला लागतात. तेव्हा ऑगस्टमध्ये पाणी देते ती हिमनदी, कारण तिच्याकडे जुना साठा असतो. चट्टा हा पगार, हिमनदी ही ठेव. दोन्ही मिळून 'अमुक चौ. किमी बर्फ' असा एकच आकडा दिला, तर दुष्काळी वर्षात हाताशी काय उरेल याचा अंदाज चुकणारच. मराठवाड्यातल्या माणसाला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

पुढच्या वेळी कुठल्याही पेपरमध्ये 'इतके टक्के घट' वाचलंत, तर आधी पद्धतीचा भाग उघडा आणि शोधा: मोजलं ते नेमकं काय, किती मोठ्यापर्यंतचं मोजलं, आणि ज्याबद्दल खात्री नव्हती त्याचं काय केलं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही, तर समजा की तुमच्या प्रबंधाचा विषय कदाचित तिथेच पडलेला आहे.